'सैराट'चा अल्बम क्लासिक आहे का? हो, पण एका अटीवर

बसमध्ये आवाज नीट येत नाही, नेट संपलंय, किंवा नुसतं वाचायलाच आवडतं, अशांसाठी हा भाग लिहून ठेवतोय. बोलताना मी भरकटलो होतो तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे 'क्लासिक' हा शब्द. हल्ली तो फार स्वस्त झालाय. एखाद्या रॉक बँडचा अल्बम शुक्रवारी येतो आणि रविवारपर्यंत रीलवर कुणीतरी त्याला क्लासिक ठरवून मोकळं होतं. माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्यात नवीन व्हर्जन ज्या दिवशी निघतं त्या दिवशी त्याला कुणी 'स्टेबल' म्हणत नाही. आधी लोक ते वापरतात, वेड्यावाकड्या पद्धतीनं वापरतात, कुठं कुठं फुटतं ते कळतं, मग पुढचं बोलायचं. गाण्यांचंही तसंच असावं असं मला वाटतं.

जगात याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या रॉक बँडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून'. १९८८ पर्यंत अमेरिकेच्या पहिल्या २०० अल्बमच्या यादीत तो एकूण ७४१ आठवडे होता. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जुनं आहे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक नवीन गाणं, वर्षभर, एकूण ५६ गाणी. आजच्या भाषेत ती वीकली सिरीजच होती की! रेडिओचा तो जमाना गेला, पण गाणी आजही गायली जातात.

आता आपल्या भागाकडे येऊ. नांदेड-लातूरच्या कट्ट्यावर रॉक बँडच्या अल्बमवरून भांडणारे दोन-चारच सापडतील. पण 'सैराट'बद्दल मत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून परीक्षा त्याचीच घेऊ. चार कसोट्या लावू. आणि हो, पिक्चर अजून पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे शेवटाबद्दल बोलणार आहे.

पहिली कसोटी: आठवणी काढून टाकल्या तर काय उरतं?

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. लातूरकरांना तो महिना वेगळं सांगायला नको. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेत दहा वॅगन आणि पाच लाख लिटर पाणी. माझ्या वयाच्या पोरांच्या डोक्यात तो उन्हाळा, ते घागरी-कॅनचे नंबर, सीईटीचं टेन्शन आणि ही गाणी, सगळं एकात एक मिसळून बसलंय. त्यामुळे आमचं मत इथं फारसं कामाचं नाही. आम्ही गाणं ऐकतो की स्वतःची अठरावी ऐकतो, हे आम्हालाच सांगता येणार नाही.

म्हणून विचारायचं कुणाला, तर तेव्हा जे पोरगं पहिली-दुसरीत होतं त्याला. त्याच्याकडे त्या उन्हाळ्याची आठवण नाही, थिएटरच्या गर्दीची नाही. तरी 'याड लागलं' त्याच्या प्लेलिस्टमध्ये असतं. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्याचं त्याला सापडलं म्हणून. माझ्या ओळखीतल्या अशा पोरांकडे बघून तरी मी ही कसोटी पास समजतो.

दुसरी कसोटी: अल्बम आहे की नुसता एक हिट?

इथं विरोधकांचा मुद्दा दमदार आहे. गाणी फक्त चार. 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट'. सगळी मिळून साधारण वीस मिनिटं. याला अल्बम म्हणायचं का?

मी म्हणेन, हो. कारण चारही गाण्यांना आपापलं काम आहे. पहिलं पोराच्या डोक्यातलं. दुसरं पोरीच्या मनातलं, श्रेया घोषालच्या आवाजात. तिसऱ्यात दोघं मिळून, अजय गोगावले आणि चिन्मयी. चौथ्यात गावभर नाचणं. एकही गाणं काढलं तर गोष्टीला भोक पडतं. त्यातही दुसरं गाणं मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे प्रेमात पडायचं काम पोराचं आणि लाजायचं काम पोरीचं, असं ठरलेलं असतं. इथं आर्चीला स्वतःला काय वाटतंय त्यासाठी एक अख्खं गाणं दिलंय.

तिसरी कसोटी: एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाची खरंच गरज होती का?

अजय-अतुल या भावांनी या अल्बमचा सिंफनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. हॉलिवूडच्या मोठमोठ्या पिक्चरचं पार्श्वसंगीत जिथं रेकॉर्ड होतं ती जागा. साठाहून जास्त वादक. यावर एक आक्षेप कायम येतो: करमाळा तालुक्यातल्या पोरा-पोरीच्या गोष्टीला हे कशाला? पैशाचा देखावा आहे नुसता.

हेडफोन घालून 'याड लागलं' परत ऐका. व्हायोलिनचा तो लोट येतो, आणि त्यावर शब्द कुठला येतो? 'याड'. 'वेड' नाही. लातूर-नांदेडहून पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांना यातली गंमत लगेच कळेल. पहिल्या महिन्यात आपण आपलं बोलणं धुऊन काढायला लागतो. 'लई'चं 'खूप' होतं, 'कामून'चं 'का' होतं. हॉस्टेलवर कुणीतरी हसलेलं असतं, म्हणून. इथं मात्र तोच गावाकडचा शब्द हॉलिवूडच्या स्टुडिओतल्या वाद्यांच्या मधोमध उभा आहे, आणि जरासुद्धा अंग चोरत नाही. करमाळ्याची बोली आणि आपली बोली तंतोतंत एक नाही, पण मध्ये एक धाराशिव जिल्हा सोडला तर अंतर किती?

आणि ऑर्केस्ट्रा एवढा मोठा का, तर परश्याच्या डोक्यात त्याचं प्रेम तेवढंच मोठं आहे. गरीब घरच्या पोराचं स्वप्न गरीब असावं असा नियम थोडाच आहे?

याची आयती चाचणीसुद्धा झालेली आहे. आमच्या भाषेत तिला ए-बी टेस्ट म्हणतात: एक गोष्ट बदलायची, बाकी तसंच ठेवायचं. २०१८ ला हिंदीत 'धडक' आला. संगीतकार तेच, 'झिंगाट'ची चाल तीच, 'याड लागलं'ची चालही तीच. बदलले ते शब्द आणि गाव. गाणी चालली, वाईट नव्हती. पण 'याड' या शब्दाला जी माती चिकटलेली होती ती तिकडे गेली नाही. म्हणजे ताकद नुसत्या चालीत नव्हती आणि नुसत्या ऑर्केस्ट्रात तर नव्हतीच. ती दोघांच्या आणि बोलीच्या भेटीत होती.

चौथी कसोटी: वापरून वापरून झिजला का?

आता अवघड भाग. 'झिंगाट'.

परण्या निघाला, झिंगाट. वरात निघाली, झिंगाट. गणपती, जयंती, बारसं, ग्रामपंचायतीचा निकाल, झिंगाट. हेडफोनवर ऐकलं तर पहिल्या तीन गाण्यांत दर वेळी काहीतरी नवीन सापडतं, यात मला सापडत नाही. पण माझी खरी अडचण ती नाही.

पिक्चरमध्ये हे गाणं कुठं येतं ते आठवा. आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला. अख्खा गाव नाचतोय, परश्याही नाचतोय. आणि त्याच रात्री ते दोघं पकडले जातात. त्यानंतर पिक्चरमध्ये गाणं नाही. मारहाण, पळून जाणं, हैदराबाद. नांदेडकरांना हैदराबाद काही परकं नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, आणि आजही काम, दवाखाना, लपणं, सगळ्याला तेच शहर जवळचं. तिथल्या वस्तीतला त्यांचा संसार दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी एकाही गाण्याशिवाय दाखवलाय. आणि शेवटी, माहेरचे लोक येऊन गेल्यावर, ते लहान पोर घरात येतं तेव्हा तर आवाजच काढून घेतलाय. ज्या पिक्चरसाठी एवढा वाद्यवृंद वाजवला, त्याच्या शेवटच्या क्षणी एक सूर नाही.

म्हणून मी म्हणतो, या अल्बमला पाचवं गाणं आहे आणि ते म्हणजे ही शांतता. आधीची चार गाणी एवढी भरगच्च आहेत म्हणूनच ती एवढी अंगावर येते.

आपण काय केलं? चौथं गाणं उचललं आणि पाचवं टाकून दिलं. आज ज्या वरातीत झिंगाट वाजतं, त्या लग्नाचं जमताना पहिला प्रश्न काय विचारलेला असतो? "पाहुण्यातली आहे का?" जातीबाहेर लग्न केलं म्हणून जीव घेतलेल्या दोघांच्या गोष्टीतलं गाणं, जात बघून जमवलेल्या लग्नात, आणि त्यावर सगळ्यात जोरात नाचणारा भाऊ घरी जाऊन बहिणीचा मोबाईल तपासतो. गाण्यात दोष नाही. पण गाणं त्याच्या गोष्टीपासून एवढं सुटं होऊ शकलं, हा या अल्बमविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि मी तो हसून सोडणार नाही.

मग निकाल काय?

नुसतं 'झिंगाट' म्हणाल, तर तो हिट आहे. जबरदस्त हिट, पण हिटच. हिट आपल्याला जे आधीच हवं असतं ते देतो. आपण बदललो नाही तरी त्याचं काही बिघडत नाही.

पूर्ण अल्बम, त्यामागच्या शांततेसकट, क्लासिक आहे. तीन कसोट्या तो सरळ पास होतो. चौथीत तो अडकतो, पण तिथं परीक्षा त्याची आहे तेवढीच ऐकणाऱ्याची पण आहे. हीच माझी अट.

तेव्हा एक काम करा. आज रात्री चारही गाणी ओळीनं लावा, मध्ये काही पुढे ढकलू नका. शेवटचं झिंगाट येईल. ते संपायच्या आत ऑटोप्ले बंद करा आणि हेडफोन तसेच कानात राहू द्या, दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत काय वाटलं ते मला सांगा. पटलं नाही तरी सांगा, पुढच्या भागात तुमची बाजू वाचून दाखवतो. भेटू!