शेलमधली माती आली कुठून?

आजचा प्रश्न साधा आहे. शेल म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला खडक. तो चिखल मुळात कुठल्या डोंगरावरून आला, हे कसं ओळखायचं? वालुकाश्मात निदान वाळूचे कण डोळ्यांना दिसतात. शेलमधले मातीचे कण साधारण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक. म्हणून आपण बघतो मातीची खनिजं.

खडक झिजताना ही खनिजं तयार होतात. खडक आणि हवामान बदललं, की खनिजही बदलतं. दख्खनच्या बेसाल्टवरची काळी माती बघा: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हा गुण स्मेक्टाइटचा. कोकणात धो धो पावसाने क्षार धुऊन जातात, तिथल्या जांभ्यात केओलिनाइट असतं. हिमालयात तर खडक पुरता कुजण्याआधीच फुटून वाहून जातो. तिथून इलाइट आणि क्लोराइट येतात. अरबी समुद्राच्या तळावर हा फरक आजही दिसतो. सिंधूच्या गाळात इलाइट-क्लोराइट ठळक, नर्मदा-तापीच्या गाळात स्मेक्टाइट.

मग जुन्या शेलमध्ये इलाइट सापडलं, की गाळ थंड डोंगरातून आला असं म्हणायचं का? थांबा, इथेच फसगत होते. गाळ खोल गाडला गेला की तापतो, आणि स्मेक्टाइट आजूबाजूच्या खनिजांतून सुटलेलं पोटॅशियम घेऊन हळूहळू इलाइट बनतं. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताकाठी एका खोल विहिरीतले नमुने जॉन हॉवर आणि सहकाऱ्यांनी तपासले. निष्कर्ष १९७६ मध्ये आले. सुमारे २००० ते ३७०० मीटर खोलीदरम्यान, स्मेक्टाइट-इलाइटच्या मिश्र खनिजात इलाइटचा वाटा साधारण २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेला होता. त्यांच्या मते बदल गाळाच्या उगमात नव्हता, तो जमिनीखाली झाला होता.

मग पुरावा शोधायचा कुठे? एक, वयात. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने जाड आणि बारीक कणांचं वय वेगवेगळं काढतात. ते शेल साचण्याच्या काळाहून जुनं निघालं, तर त्यात डोंगरातून वाहून आलेला अभ्रक किंवा इलाइट आहे. दोन, थोरियम आणि स्कँडियमसारख्या मूलद्रव्यांत. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, म्हणून खनिज बदललं तरी बहुतांशी जागेवरच राहतात. ग्रॅनाइटमध्ये थोरियम जास्त, बेसाल्टमध्ये स्कँडियम जास्त.

तेव्हा शेल हातात आला, की आधी विचारा: हा किती तापला होता? फारसा नसेल, तर खनिजांचं ऐका. तापला असेल, तर मूलद्रव्यांची साक्ष काढल्याशिवाय डोंगराचं नाव घेऊ नका.