पहिल्या आघाताच्या वेळी

लेखांक ६ : सब्र

मदिनेत एक बाई आपल्या मुलाच्या कबरीपाशी बसून रडत होती. प्रेषित मुहम्मद (स.) तिथून चालले होते. अल्लाहचं भय बाळग आणि सब्र कर, म्हणजे धीर धर, असं त्यांनी तिला सांगितलं. ती उसळून म्हणाली की, तुम्ही इथून जा, माझ्यावर जे कोसळलंय ते तुमच्यावर कोसळलेलं नाही. समोर कोण उभं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ते निघून गेले. मागाहून कुणीतरी तिला सांगितलं, तेव्हा ती घाबरी होऊन त्यांच्या दाराशी आली. दारावर पहारेकरी नव्हता. मी तुम्हाला ओळखलं नाही, असं ती म्हणाली. त्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की, खरा सब्र पहिल्या आघाताच्या वेळचा असतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आहे. प्रवचनांत त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं जातं. मला त्याआधीचं त्यांचं निघून जाणं फार महत्त्वाचं वाटतं. कोसळण्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता असं कसं म्हणावं? कासिम आणि अब्दुल्लाह हे त्यांचे दोन मुलगे मक्केत लहानपणीच वारले होते. ‘माझीही मुलं गेली आहेत, बाई’ असं ते सहज म्हणू शकले असते. त्यांनी आपलं दुःख तिच्या दुःखाशेजारी मोजायला ठेवलं नाही. मय्यतीच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपण तिथे बसल्या बसल्या पहिलं काय करतो, तर आपल्या घरच्या मृत्यूची हकीकत सांगायला लागतो.

सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणं, ही समजूत तर घरोघरी आहे. बायकांना, लहान मुलांना त्यावरून दटावलंही जातं. इ.स. ६३२ मध्ये प्रेषितांचा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. त्याला अखेरचा श्वास घेताना पाहून त्यांचे डोळे वाहू लागले. सोबतच्या अब्दुर्रहमान बिन औफ यांना नवल वाटलं, तुम्हीही रडता? ही दया आहे, असं उत्तर त्यांना मिळालं. डोळे रडतात, मन दुखतं, मात्र अल्लाहला न आवडणारा शब्द तोंडून निघू द्यायचा नाही, अशी सीमा प्रेषितांनी आखून दिली. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. इब्राहीमच्या जाण्यानेच सूर्य काळवंडला, असं लोक बोलू लागले. प्रेषितांनी ते तिथल्या तिथे खोडून काढलं. सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणामुळे किंवा जन्मामुळे ग्रहण लागत नाही, असं सांगून त्यांनी लोकांना नमाजेत उभं केलं. बाप म्हणून ते रडले, पण आपल्या दुःखाला आकाशाची साक्ष लोक काढू लागले तेव्हा ती त्यांनी नाकारली. सब्राचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

कुरआनात हजरत याकूब यांची कथा याच अंगाने जाते. सूरह यूसुफमध्ये मुलगे रक्त लावलेला सदरा घेऊन येतात, यूसुफला लांडग्याने खाल्लं म्हणून सांगतात. बापाला ते खोटं वाटतं आणि तो सुंदर सब्राचा आधार घेतो. पुढे दुसराही मुलगा परदेशात अडकतो, तेव्हाही त्याच्या तोंडी सुंदर सब्राचीच भाषा आहे. आणि तरीही रडून रडून त्याचे डोळे पांढरे पडतात, दृष्टी जाते. मुलगे वैतागतात, किती दिवस यूसुफचं नाव घेत बसणार? मी माझं गाऱ्हाणं अल्लाहपुढे घालतो आहे, असं तो उत्तर देतो. म्हणजे गाऱ्हाणं आणि सब्र एकाच माणसात नांदू शकतात. लगेच पुढच्या आयतीत तो मुलांना बजावतो की, जा, यूसुफला आणि त्याच्या भावाला शोधा, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. सबुरी धरलेला माणूस इथे शोध घ्यायला माणसं धाडतो आहे.

इमाम गझाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथाच्या ४० भागांपैकी बत्तिसावा भाग सब्र आणि शुक्र या दोहोंना मिळून दिला. गेल्या आठवड्यात आपण शुक्र, म्हणजे कृतज्ञता पाहिली, ती याच जोडीतली. उपासना नेटाने चालू ठेवणं, निषिद्ध गोष्टींपासून मन आवरणं आणि संकट सोसणं असे सब्राचे तीन प्रकार विद्वान सांगतात. रोज्यात पहिले दोन एकत्र येतात. इफ्तारच्या आधी रस्त्यावर वाहनांची कोंडी असते, घसा सुकलेला असतो, आणि कुणीतरी अंगावर येतो. अशा वेळी मी रोजेदार आहे एवढंच म्हणावं, अशी शिकवण आहे.

गझालींनी आणखी एक गोष्ट बारकाईने पाहिली. सुखात असलेल्यालाही सब्र लागतो आणि तो अधिक अवघड असतो, कारण त्याचा हात कुणी धरलेला नसतो. मला यात सूरह अल-बकराची २८०वी आयत आठवते. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यावी आणि कर्ज सोडून दिलं तर अधिक चांगलं, असा तिचा आशय. इथे थांबायला सांगितलंय ते सावकाराला. आपल्या व्यवहारात मात्र उलटं होतं. पगार थकलेल्या कामगाराला, भाड्यापायी घर सोडावं लागलेल्या कुटुंबाला सब्राचा उपदेश मिळतो. धीर धरण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे, त्याच्यापुढे ही आयत कुणी वाचत नाही.

याहून वाईट म्हणजे, सासरी मार खाणारी मुलगी माहेरी येते आणि ‘सब्र कर, बेटी’ म्हणून तिची पाठवणी होते. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी साबित बिन कैस यांच्या पत्नीची हदीस वाचावी. ती प्रेषितांकडे आली. नवऱ्याच्या चारित्र्याबद्दल किंवा धर्माचरणाबद्दल माझी तक्रार नाही, पण मी त्याच्यासोबत राहू शकत नाही, असं तिने सांगितलं. त्याने मेहरमध्ये दिलेली बाग परत करशील का, एवढंच तिला विचारलं गेलं. ती हो म्हणाली. साबितना बाग घेऊन तिला सोडायला सांगण्यात आलं. मारहाणीची गोष्ट नव्हती, तरी तिला सोसत राहा असं कुणी सांगितलं नाही. मक्केत छळ वाढला तेव्हाही प्रेषितांनी काही अनुयायांना इ.स. ६१५ च्या सुमारास समुद्रापलीकडे हबशाला धाडलं. तिथला ख्रिस्ती राजा कुणावर अन्याय होऊ देत नाही, अशी त्याची ख्याती होती.

सूरह अश-शूरामध्ये, अन्याय झालेल्याने आपला हक्क मागितला तर त्याला बोल लावता येत नाही, असं आधी येतं. त्यानंतर सब्र करून माफ करणाऱ्याची थोरवी येते. हक्क आधी आणि माफी नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. माफ करायला कुणाला सांगावं आणि कुणाला सांगू नये, हा प्रश्न त्यातूनच निघतो. पुढच्या लेखांकाचा विषय तोच, क्षमा.