तळखडा ते आढे : लाकडी चौकटीच्या घराचे बारकावे

जिथून द्रुतगती महामार्ग पुण्याच्या दिशेने निघतो आणि जिथल्या पोलाद बाजारात सळया, पट्ट्या, नळ्या व पत्रे यांनी लादलेल्या मालमोटारींची रांग रात्रंदिवस मोडत नाही, त्या कळंबोलीत बसून लाकडी चौकटीच्या घराचा विचार करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या पनवेल तालुक्याच्या हद्दीत ही वसाहत उभी राहिली, त्या पनवेलची ख्याती इंग्रजी अमदानीत बैलगाडीच्या चाकांसाठी होती. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांची चाके इथले सुतार घडवीत, आणि भाराखाली, चिखलात व उन्हात वर्षानुवर्षे सांधा न सोडणारे चाक ज्यांच्या हातून घडे, त्यांना घराची चौकट उभारणे अवघड नव्हते. तेव्हा सगळा भार कंत्राटदारावर न टाकता, सुताराच्या शेजारी उभे राहून स्वतःचे घर लाकडात बांधू पाहणाऱ्या गृहस्थाने आपले प्रश्न या भूमीला विचारले, तर त्यात वावगे काही नाही.

असा गृहस्थ प्रथम विचारतो ते लाकडाची जात, घनफूट आणि दर. हे प्रश्न आवश्यक असले तरी, माझ्या मते, दुय्यम आहेत. खांब दगडाला कुठे भेटतो, तुळई खांबावर कशी बसते, भिंत चौकटीला कशी चिकटते आणि वाशाची टोके कुठे संपतात, या चार-पाच जागांवर घराचे आयुष्य ठरते. कारण लाकूड भिजल्याने मरत नाही, भिजल्यावर वाळण्याची वाट बंद झाली म्हणजे मरते. लाकडातील ओल वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांच्या खाली राहिली, तर कुजविणाऱ्या बुरशीला तिथे थारा मिळत नाही. त्याहून अधिक ओल दीर्घकाळ राहिली, तर सागासारखे लाकूड उशिरा आणि आंब्यासारखे लवकर, पण दोन्ही अखेर भुसभुशीत होतात. ज्या प्रदेशात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे या एका गोष्टीपुढे बाकी सर्व बाबी मागे पडतात.

पाया आणि जोते यांपासूनच आरंभ करू. कळंबोलीची जमीन खाडीकाठची, सखल आणि बऱ्याच अंशी भराव घातलेली. भरतीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी साठवून ओहोटीला सोडता यावे, म्हणून सिडकोने या भागात धारण तलावांची योजना केली. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, ही आठवण ज्याला आहे, तो इथे जोत्याची उंची ठरविताना कंजुषी करणार नाही. मात्र उंच जोते केवळ पुराकरिता नव्हे. वाळवी जमिनीतून येते आणि मातीच्या बारीक नळ्या बांधीत उजेड टाळून वर चढते. तिला सर्वस्वी थोपविणे दुष्कर, पण तिला उघड्यावर यायला भाग पाडणे सहज शक्य आहे. म्हणून जोत्याची बाहेरची बाजू निदान दीड फूट उघडी, स्वच्छ, दृष्टीला पडेल अशी असावी. तिला लागून मातीचे ढीग, कुंड्यांचे कट्टे किंवा शोभेच्या फरश्यांची पोकळ आवरणे असू नयेत. आणि वर्षातून दोनदा तरी घरच्या माणसाने तिच्याकडे निरखून पाहावे. बांधकामापूर्वी जमिनीवर करावयाच्या औषधफवारणीचे नियम भारतीय मानक ६३१३ मध्ये दिलेले आहेत व ते पाळावेतच, परंतु औषधाचा प्रभाव काही वर्षांनी ओसरतो, आणि उघडे जोते तितकेच उपयोगी राहते.

या जोत्यावर जुन्या घरात खांबाखाली घडीव दगड असे, तो तळखडा. तो फरशीच्या पातळीच्या वर उचललेला असतो, आणि या चार-सहा बोटांच्या उंचीत मोठे शहाणपण सामावलेले आहे. लाकडाच्या आडव्या अंगापेक्षा त्याचे कापलेले टोक पाणी कितीतरी वेगाने ओढून घेते, कारण झाडाला मुळापासून शेंड्यापर्यंत रस पोहोचविणाऱ्या नलिका तिथे उघड्या पडलेल्या असतात. हे टोक सारवणाच्या, धुण्याच्या किंवा पावसाच्या झडीच्या पाण्यात उभे राहू नये, म्हणून तळखड्याची योजना. आज तळखड्याची जागा लोखंडी जोड्याने घ्यावयाची असेल, तर कळंबोलीइतका मुबलक माल अन्यत्र क्वचितच मिळेल. परंतु इथला वेल्डर बहुधा चार बाजूंनी बंद अशी लोखंडी पेटीच जोडून देऊ पाहतो, कारण ती भक्कम दिसते. ती घेऊ नये. अशा पेटीत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि खांब तळापासून कुजतो, तोही पत्र्याआड, कुणाला न दिसता. योग्य रचना म्हणजे काँक्रीटमधून वर आलेला जाड गज किंवा नळी, तिच्यावर सपाट पट्टी, पट्टीवर मध्यभागी एक उभे पाते, आणि त्या पात्यावर खाच पाडून बसविलेला खांब, अशी की खांबाचे टोक आणि जोते यांच्यामध्ये हवा खेळती राहावी. हे लोखंड गरम जस्ताचा लेप दिलेले असावे. खाडीवरची खारट हवा साध्या रंगाला दाद देत नाही. शिवाय ऐन व खैर यांसारख्या टॅनिनयुक्त लाकडांत उघडे लोखंड ओलाव्याने गंजून भोवतालचे लाकूडही काळे व ठिसूळ करते.

आता चौकट. आपल्याकडे घराचे माप चौरस फुटांत सांगण्याची वहिवाट अलीकडची. पूर्वी घर इतक्या खणांचे म्हणून सांगत, आणि खण म्हणजे खांब व तुळया यांनी आखलेला एक घटक, ज्याच्या पटीत ओसरी, माजघर, माळा अशी सर्व इमारत वाढत जाई. १७३० साली पाया घातलेल्या शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या रानातून आणविला गेला, असे सांगतात. त्या वाड्याचे वरचे मजले या खणांच्याच रचनेचे होते. ही चौकट उभा भार उत्तम पेलते, आडव्या धक्क्याला मात्र ती स्वभावतः दुबळी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने जे घडले, त्याचा हा भाग पुरेसा लक्षात घेतला जात नाही: जाडजूड दगडमातीच्या भिंती ढासळून हजारो माणसे दगावली, तथापि अनेक घरांत भिंती पडल्यावरही लाकडी खण माथ्यावरचे माळवद तोलून उभे राहिले. भिंतीला चौकटीशी बांधलेले नव्हते आणि चौकटीला तिरकस आधार नव्हते, हे दोन दोष. आजच्या बांधणाऱ्याने प्रत्येक दिशेला निदान दोन खणांत तिरप्या दांड्या बसवाव्यात आणि भिंतीतून निघालेल्या जाळीच्या किंवा पट्टीच्या जिभा खांबाला जोडाव्यात. खर्च किरकोळ आहे.

सांध्याची गोष्ट जरा निवांतपणे पाहिली पाहिजे. तुळईच्या टोकाला कुसू काढून ते खांबाच्या खाचेत बसवायचे आणि आडवी मेख ठोकून पक्के करायचे, ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. पण चांगला सुतार कुसवातील भोक खांबातील भोकापेक्षा किंचित खांद्याकडे सरकवून पाडतो, म्हणजे मेख ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो आणि पुढे लाकूड सुकले तरी तो ढिला पडत नाही. मेख तुळईपेक्षा अधिक सुकलेली असावी. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. तीनशे मिलिमीटर खोलीच्या सागाच्या तुळईतून दहा टक्के ओल उडाली, तर तिची खोली सुमारे पाच-सहा मिलिमीटरने घटते. एकावर एक तीन आडवी लाकडे आली, तर वरचा मजला अर्धा-पाऊण इंच खाली येतो, आणि मधली विटांची भिंत मात्र जागची हलत नाही. तेव्हा खिडकीच्या चौकटीवर भार येऊन काच तडकते आणि दोष काचेला दिला जातो. म्हणून खांब शक्यतो अखंड असावेत, तुळया त्यांच्या बाजूने शिराव्यात, आणि भिंतीच्या माथ्याशी मऊ भरणाची फट ठेवावी. वाड्याच्या पाडकामातून निघालेला जुना साग जो मान्यता पावतो, तो याच कारणाने: त्याचे आकसणे कधीच संपलेले असते. मात्र त्यातले खिळे शोधून काढल्याखेरीज तो करवतीवर चढवू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जी छपरे उडाली ती वजनाने कोसळली नाहीत, वर खेचली गेली. वासा तुळईवर नुसता टेकवून एक खिळा मारण्याची पद्धत भार खाली येतो या गृहीतावर उभी आहे. वारा पाख्याखाली शिरला की ते गृहीत उलटे होते; म्हणून वाशापासून तुळईला, तुळईपासून खांबाला आणि खांबापासून पायाला अखंड पट्टीची साखळी हवी, आणि तिचा एकही दुवा खिळ्याच्या उपटण्यावर विसंबलेला नसावा. मंगळुरी कौले, ज्यांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला, ती नळीच्या कौलांपेक्षा रिपांना बरी धरतात. तरी वळचणीच्या दोन ओळी तारेने बांधाव्यात. वळचण स्वतः अडीच ते तीन फूट बाहेर असावी. पागोळी जोत्यापासून दूर पडली, तर भिंतीचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

भिंतीबाबत माझे मत ठाम आहे. प्रबळगड-माथेरानच्या उतारांवर वाढणारी, साधारण सात वर्षांनी एकदाच फुलून वाळणारी कारवी तोडून तिच्या काठ्यांचे कूड ठाकर व कातकरी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या विणले, शेणमातीने सारवले, आणि ती भिंत दोन्ही अंगांनी श्वास घेत राहिली. याउलट थंड देशांतल्या लाकडी घरांच्या नकाशांत भिंतीच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पडदा दाखविलेला असतो, कारण तिथे घरातली उबदार, दमट हवा बाहेरच्या गारठ्याकडे जाताना भिंतीत पाणी सोडते. आपल्याकडे दमटपणा बाहेर आहे आणि वातानुकूलित खोली आत. तोच पडदा इथे आत लावला, तर बाहेरून आलेली वाफ त्याच्या थंड पाठीवर थिजून लाकडाला भिजवीत राहील. तो नकाशा इथे जसाच्या तसा वापरणे म्हणजे घराचा नाश योजणे होय. भिंत चुन्याच्या गिलाव्याची, वाफ जाऊ देणारी असावी, आणि बाहेर फळ्यांचे आवरण असल्यास त्यामागे वर-खाली उघडी अशी इंचभर पोकळी, कीटकांसाठी जाळी लावून, राखावी.

आगीची भीती रास्त आहे; शनिवारवाडा १८२८ सालच्या आगीत भस्मसात झालाच. तथापि जाड लाकूड आणि बारीक लाकूड यांत भेद केला पाहिजे. घट्ट लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या वेगाने कोळसत आत जाते व तो कोळसाच आतल्या गाभ्याचे काही काळ रक्षण करतो, तर उघडे पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांवर आपले निम्मे बळ गमावते. यास्तव तुळई हिशोबापेक्षा इंचभर जाड घ्यावी, सांध्यातले पोलादी पाते लाकडाच्या पोटात दडवावे आणि विजेच्या तारा धातूच्या नळीतूनच न्याव्यात.

लाकूड आणताना कागदाची तजवीज विसरू नये. झाड आपल्या आवारातले असले तरी तोडीला व वाहतुकीला परवाना लागू शकतो. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा १९६४ सालचा आहे, आणि कर्नाळ्याच्या अभयारण्यातून काडीही उचलता येत नाही. हा बंदोबस्त नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी साग तोडावयाचा तो हुजूरच्या परवानगीने, आणि रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावावयाचा नाही, असा दंडक घालून दिलेला आहे.

चौकट माघ-फाल्गुनात उभी करावी, म्हणजे मृगापूर्वी कौले चढतात व लाकडाला उन्हाळ्याची कोरडी हवा मिळते. सांध्यांचे बोल्ट भिंतीत गाडू नयेत, हाताला लागतील असे ठेवावेत. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर, कार्तिकात लाकूड पुन्हा कोरडे झाले की, पाना घेऊन प्रत्येक बोल्ट व प्रत्येक पाचर तपासावी. त्याच वेळी खांबाच्या तळाशी, पात्याच्या खाचेत, पटाशीचे टोक दाबून पाहावे, आणि ते सहज आत शिरले तर त्याच आठवड्यात सुताराला बोलावावे.