पाण्याची बादली आणि ऑक्टोपॅड

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक मोरगाव अर्जुनी आणि दुसरी नागपूर-रायपूर महामार्गावरची आमची सडक अर्जुनी. या सडकेच्या कडेला माझे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. वडशाच्या नाट्यमंडळांना गावोगावचे लोक बोलावतात आणि हा मोसम थेट होळीपर्यंत चालतो. त्या दिवसांत मी दुकान लवकर बंद करतो आणि माइकचा संच गाडीत टाकून नाटकाच्या गावी जातो. संगीताचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे थोडेफार कळते ते तारा जोडता जोडता, कानांनी ऐकून आणि हाती लागेल ते वाचून.

झाडीच्या नाटकात रंगमंचासमोर वादक बसतात. अनेकदा ते तिघेच असतात. एक ऑर्गनवर, एक तबल्यावर आणि एक ऑक्टोपॅडवर. यातल्या तिसऱ्याबद्दल आमच्याकडे फार वाद आहे. जुने प्रेक्षक म्हणतात, "काहून गा, हा नाटक हाये का बँड हाये?" तरुणांना मात्र ऑक्टोपॅडशिवाय गाणे अळणी लागते. पूर्वी मी पूर्णपणे जुन्यांच्या बाजूने होतो. नुसता मताने नव्हे, हातानेही. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका रात्री मी ऑक्टोपॅडची कळ उतरवून ठेवली. तो पोरगा पहाटेपर्यंत घाम गाळून वाजवत राहिला. त्याच्या कानाजवळच्या छोट्या स्पीकरमध्ये त्याला स्वतःचे वाजवणे ऐकू येत होते, लोकांपर्यंत मात्र ते जवळजवळ पोचतच नव्हते. नाटक संपल्यावर तो माझ्याकडे आला. "भाऊ, लोक म्हनतेत का तुझा वाजवना आयकूच नाही आला." मी म्हणालो, वायर ढिली होती. पुढच्या मोसमात तो दिसला नाही.

त्या रात्री मी जे केले त्यामागे एक समजूत होती. वीज वाद्याला फक्त मोठे करते आणि मोठे वाद्य लहानाला खाते, अशी ती समजूत. ती चुकीची आहे हे मला एका जॅझ त्रयीने शिकवले. दुरुस्तीला आलेल्या एका अ‍ॅम्प्लिफायरबरोबर गिऱ्हाइकाने तपासणीसाठी एक तबकडीही ठेवली होती. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नोव्हेंबर १९८९ मध्ये झालेल्या मैफलीचे ते ध्वनिमुद्रण होते. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, बेस गिटारवर काय एकहार्ट आणि तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू.

शेवटच्या नावापाशी मी थांबलो. ठुमरी, दादरा, कजरी या प्रकारांत जिचे नाव आदराने घेतले जाते त्या शोभा गुर्टूंचे हे चिरंजीव. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर यांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली होती. त्रिलोक यांचा जन्म १९५१ चा, मुंबईचा. तबल्यापासून सुरुवात करून ते जॅझकडे वळले आणि युरोपात स्थिरावले. १९८८ मध्ये निघालेल्या त्यांच्या 'उस्फ्रेट' या ध्वनिमुद्रिकेत खुद्द आईचा आवाज आहे. म्हणजे घरचे गाणे टाकून हा माणूस परक्या संगीतात गेला नाही, ते बरोबर घेऊन गेला.

जॅझ म्हणजे काय, हे आपल्या परिचयाच्या शब्दांत असे सांगता येईल. आधी एक धून सगळे मिळून वाजवतात, तो मुखडा समजा. मग त्या धुनेखाली असलेली स्वरसंगतीची चौकट आणि मात्रांचे आवर्तन कायम ठेवून एकेक वादक आपला विस्तार करतो. शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात. विस्तार आधी लिहिलेला नसतो. ताफा मोठा असला तर एखाद्याची चूक झाकली जाते, पण तिघांत लपायला जागा नसते. एक थांबला तर तिसरा हिस्सा रिकामा होतो. म्हणून त्रयीत वाजवण्याइतकेच ऐकणेही महत्त्वाचे.

आता या तिघांची वाद्ये पाहू. मॅकलॉफ्लिन यांचा प्रवास त्यासाठी लक्षात घ्यावा लागतो. १९७१ मध्ये त्यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला तेव्हा विजेची गिटार कानठळ्या बसतील इतकी मोठी होती. मग झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह 'शक्ती'मध्ये ते साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारकडे आले. १९८९ च्या त्रयीत हे दोन्ही रस्ते एकत्र मिळतात. हातात नायलॉनच्या तारांची गिटार आहे, पण तिला संगणकी यंत्र जोडलेले आहे.

नेहमीच्या विजेच्या गिटारमध्ये तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. लोखंडी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. नायलॉनची तार लोहचुंबकाला ओळखत नाही, म्हणून तिथे वेगळा उपाय लागतो. त्रयीतल्या यंत्राचे काम त्याच्याही पुढचे. तारेच्या कंपनावरून कोणता स्वर वाजला हे ते ओळखते, त्याचा आकडा करते आणि तो आकडा सिंथेसायझरला देते. मग गिटारच्याच बोटांतून बासरीसारखा किंवा व्हायोलिनच्या ताफ्यासारखा लांबणारा सूर निघतो. पण यात एक अडचण आहे. गिटारची सर्वांत खर्जातली तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद लागतात आणि स्वर ओळखायला यंत्राला निदान एक-दोन कंपने पाहावीच लागतात. तेवढा उशीर द्रुत लयीत कानाला टोचतो. बोट जरा अस्वच्छ पडले तर यंत्र भलताच स्वर सांगते. म्हणून अशा वाद्यावर हात अधिक नेटका लागतो. यंत्र वादकाचे काम सोपे करते, असे आपण सहज म्हणतो, पण इथे ते अवघड करते.

हे आकडे ज्या भाषेत जातात तिचे नाव मिडी. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून १९८३ मध्ये ती ठरली. आणि हेच वाचताना मला माझ्या नाटकाच्या मांडवातला तिसरा वादक आठवला. रोलंड या जपानी कंपनीचा ऑक्टोपॅड १९८५ मध्ये आला, तोही याच भाषेत बोलतो. रबराच्या गादीखाली दाबाची वीज करणारा तुकडा असतो. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवले होते. काठी पडली की त्या विजेचे मोजमाप होते, आघाताचा जोर १ ते १२७ अशा पायऱ्यांत लिहिला जातो आणि साठवलेला आवाज त्या जोराने वाजतो. लंडनच्या सभागृहातली गिटार आणि झाडीच्या मांडवातला ऑक्टोपॅड एकच बोली बोलतात.

यात जे हरवते तेही सांगायला हवे. तबल्यावर 'घे' वाजवताना डाव्या हाताच्या मनगटाने कातडे दाबून मींड काढता येते. बोट शाईवर पडले की चाटेवर, यावर बोल ठरतो. ऑक्टोपॅड यातले फारसे काही जाणत नाही. त्याला कळते ते एवढेच की कोणती गादी आणि किती जोर. तक्रार करणाऱ्या जुन्या प्रेक्षकांचे म्हणणे इथपर्यंत खरे आहे.

पण आता त्रिलोक यांच्याकडे वळू. ते ड्रमवादकासारखे स्टुलावर बसत नाहीत, जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात. समोर तबला आहे, पाश्चात्य ढोल आहेत, झांजा आहेत आणि पाण्याची एक बादली आहे. वाजती झांज किंवा शिंपल्यांची माळ ते त्या पाण्यात बुडवतात. झांज पाण्यात शिरली की तिचा सूर वाकतो आणि विरतो. हा आवाज इतका लहान की विजेशिवाय पहिल्या रांगेलाही नीट ऐकू आला नसता. माइकने तो तीन हजारांच्या आसपास आसने असलेल्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. मी इतकी वर्षे माइक लावत होतो आणि मला वाटत होते की माझे काम आवाज मोठा करणे. ती बादली ऐकली तेव्हा समजले की विजेचा मोठा गुण म्हणजे लहान आवाजाला बसायला जागा मिळते. मात्र त्यासाठी बाकीच्यांनी गप्प बसावे लागते. त्या क्षणी विजेची गिटार गप्प राहते, म्हणून ते पाणी ऐकू येते.

वाद्य परके आहे हा आक्षेपही तपासून पाहावा. ज्या ऑर्गनला आपण नाटकाचा प्राण मानतो तो युरोपातून आला. त्याचीच लहान बहीण हार्मोनियम. तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आज तिच्याविना आपले भजन बसत नाही. बेंजो घ्या. भीमगीतांच्या कव्वालीत टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजणारा तो बेंजो ज्या जपानी वाद्यातून आला, ते नागोयात १९१२ मध्ये तयार झाले. आणि वरातीत ज्या धुनेवर माणसे रुमालाची पुंगी करून लोळतात, ती १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली. तिथे गारुड्याची पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या विजेच्या वाद्यावर तो आवाज काढला आणि रवी यांनी हार्मोनियमची साथ दिली. आज अस्सल पुंगी कशी वाजते असे विचारले तर बहुतेक जण तीच विजेची धून गुणगुणतील.

म्हणून ऑक्टोपॅड हवा की नको, हा प्रश्न मला आता चुकीचा वाटतो. योग्य प्रश्न असा की तो वाजवणारा ऐकतो का, आणि माइकवाला त्याला ऐकू देतो का. दुःखाच्या प्रवेशात नटी कुजबुजत असताना जो पोरगा दोन्ही काठ्या मांडीवर ठेवून बसतो आणि ती वळून निघताना एकच हलका आघात देतो, तो नाटक बुडवत नाही. असे वादक मी झाडीत पाहिले आहेत. ज्याची कळ मी उतरवली होती तो तसा होता का, हे मला सांगता येत नाही, कारण मी त्याला ऐकलेच नाही.

हल्ली नाटकाआधी माइक तपासताना मी एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी मी वादकांना म्हणत असे, जोरात वाजवून दाखवा. आता म्हणतो, तुमच्याकडचा सगळ्यांत हळू आवाज काढा. तबलजी बोटाच्या टोकाने किनारीवर 'ना' वाजवतो. ऑर्गनवाला एकच सूर धरतो. ऑक्टोपॅडवाले पोरगे आधी हसते, कारण हे त्याला कोणी विचारलेले नसते, आणि मग काठी उलटी धरून गादीला नुसती टेकवते. तो आवाज शेवटच्या रांगेतल्या सतरंजीपर्यंत पोचला की मी कळ तिथे ठेवतो. मग नांदी सुरू होते.