जुन्या गाडीचे मागचे कान

1 जुलै 2019 ही तारीख आपल्या मोटारीच्या आरसी पुस्तकाशी ताडून पाहावी अशी आहे. त्या दिवसापासून भारतात तयार होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींना पाठीमागे पार्किंग सेन्सर असणे सक्तीचे झाले. चालकासाठी एअरबॅग, पट्टा न लावल्यास मिळणारी सूचना आणि वेग वाढल्यावर वाजणारा इशारा याच नियमाबरोबर आले. ‘एआयएस 145’ हे त्यामागील तांत्रिक मानक पुण्यातूनच, एआरएआय या संस्थेकडून प्रसिद्ध झाले. कोथरूडच्या ज्या टेकडीला पुणेकर सर्रास ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, तिथेच ही संस्था आहे.

व्यापारी कुटुंबात मात्र गाडी सहसा लवकर मोडीत निघत नाही. घरी नवी मोठी गाडी आली, तरी जुनी अल्टो, सँट्रो किंवा वॅगनआर दुकानाच्या कामाला राहते. मार्केट यार्डातून मालाचे नमुने आणणे, बँकेत जाणे, आजी-आजोबांना दवाखान्यात नेणे ही कामे तिच्याकडेच असतात. अशा गाडीला मागचे काहीच कळत नाही. बिबवेवाडी किंवा सॅलिसबरी पार्कच्या सोसायट्यांत इमारतीखालचे पार्किंग खांबांनी भरलेले असते आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच मुलांचा खेळ रंगतो. दोन खांबांमधून गाडी मागे घेताना बंपर घासला, तर नुकसान काही हजारांचे. मागे मूल असेल, तर त्याचा हिशेब कशातच होत नाही. म्हणूनच बाहेरून बसवलेला सेन्सर नेमके काय ऐकतो आणि काय ऐकत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

‘ऐकतो’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. बंपरवरील प्रत्येक गोल बटण सेकंदाला सुमारे 40 हजार कंपनांचा ध्वनी सोडते. माणसाच्या कानाची मर्यादा 20 हजारांपर्यंतच असल्याने आपल्याला तो ऐकू येत नाही. पलीकडच्या मांजराला कदाचित येत असेल. हा ध्वनी भिंतीवर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर ठरते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून एक मीटरवरच्या खांबाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या हजारातील जेमतेम सहा भागांत परततो. वटवाघूळ अंधारात याच युक्तीने वाट काढते.

यातूनच सेन्सरचे गुण आणि दोष दोन्ही निघतात. कठीण, रुंद आणि सरळ उभी वस्तू ध्वनी चांगला परतवते. मऊ वस्तू तो गिळते. कापडाच्या गोदामात आवाज कसा दबतो, हे कापड व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. बारीक लोखंडी खुंटी, तिरपा पत्रा, बंपरच्या खाली राहणारा पदपथाचा कठडा, गाडीखाली निजलेले कुत्रे यांपैकी बरेच काही निसटते. शिवाय बंपरला अगदी खेटून असलेल्या वस्तूचा प्रतिध्वनी इतक्या लवकर येतो की यंत्राला तो धड मोजता येत नाही.

मुलांच्या बाबतीत ही उणीव किती गंभीर आहे, हे अमेरिकेच्या अनुभवावरून कळते. तेथे 2002 मध्ये कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्या घरासमोर, मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून गेला. गाडी त्याचे वडीलच चालवत होते आणि ते मुलांचे डॉक्टर होते. 2008 मध्ये त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. नियम ठरवताना तेथील सरकारी चाचण्यांत असे दिसले की, लहान मुलांना ओळखण्यात सेन्सरची भरवशाने खात्री देता येत नाही. म्हणून मे 2018 पासून नव्या गाड्यांना मागे दिसण्याची सोय, म्हणजे व्यवहारात कॅमेरा, बंधनकारक झाला. सेन्सर भिंतीसाठी उत्तम आहे, मुलासाठी अपुरा. जुन्या गाडीवर खर्च करायचाच असेल, तर सेन्सरबरोबर कॅमेरा असलेला संच घेणे शहाणपणाचे.

पुण्यात हे काम करून घ्यायचे म्हटले की पाय नाना पेठेकडे वळतात. वाहनांच्या सुट्या भागांची ही जुनी बाजारपेठ. संचात चार सेन्सर, एक छोटी पेटी, बझर किंवा आकडे दाखवणारी पट्टी आणि बंपरला भोक पाडण्याचा गोल कटर एवढेच असते. भाव करणे आपल्या वाचकांना शिकवावे लागत नाही. पण पन्नास-शंभर रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा फिटर भोके कुठे पाडतो, याकडे लक्ष दिलेले बरे. एकदा पडलेले भोक बुजत नाही.

उंचीचे माप सर्वांत महत्त्वाचे. जमिनीपासून साधारण 50 ते 60 सेंटिमीटर उंची योग्य ठरते. त्याहून खाली सेन्सर बसवला, तर रस्त्याचाच प्रतिध्वनी येऊन बझर उगीच वाजत राहतो. फार वर बसवला, तर ठेंगणी वस्तू सुटते. येथे व्यापाऱ्याच्या गाडीची एक खास अडचण आहे. नाना पेठेत गाडी रिकामी उभी असताना माप घेतले जाते आणि दुसऱ्या दिवशी डिकीत मालाचे गठ्ठे किंवा साबणाच्या पेट्या भरल्या जातात. सीएनजीची टाकी असेल, तर मागचा भाग मुळातच दबलेला असतो. मागचे स्प्रिंग बसले की सेन्सर खालीही जातो आणि त्याचे तोंडही जमिनीकडे झुकते. मग बझर कारण नसताना वाजू लागतो, चालक वैतागून तो बंद करतो आणि सगळा खर्च वाया जातो. यावर उपाय साधा आहे. रोजच्या वजनाइतका माल गाडीत ठेवूनच माप घ्यावे. सेन्सरवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो, तो उलटा बसणार नाही हेही पाहावे.

बंपरभोवती चकचकीत नळ्यांचा गार्ड लावण्याची हौस अजून संपलेली नाही. अशा गाडीत सेन्सर त्या नळीलाच अडथळा समजतो. पुढच्या क्रॅश गार्डवर आणि बुलबारवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने 2017 मध्येच राज्यांना दिले आहेत. मागचा गार्डही या निमित्ताने उतरवावा.

वायरिंग फार अवघड नसते. पेटीला वीज मिळते ती रिव्हर्स लाइटच्या वायरीतून, म्हणजे मागचा गिअर टाकला की सेन्सर जागे होतात. बल्ब असलेल्या जुन्या गाड्यांत ही जोडणी बहुधा विनातक्रार चालते. सांधा मात्र नुसता पिळून वर टेप गुंडाळलेला नसावा. पुण्याच्या पावसाळ्यात असा सांधा गंजतो. तो सोल्डर करून घ्यावा, पेटी डिकीच्या आत कोरड्या जागी बसवावी आणि वायरी रबरी बुचातूनच आत घ्याव्यात. पत्र्याच्या धारेवर घासलेली वायर पुढे शॉर्टसर्किटचे कारण होते. गाडी वॉरंटीत असेल, तर वायर कापण्यापूर्वी शोरूममध्ये विचारून घ्यावे.

काम झाल्यावर दुकानातून लगेच निघू नये. पुठ्ठ्याचे खोके, छत्री आणि पाण्याची बाटली असे तीन नग एकेक करून मागे ठेवावेत. गाडी हलवू नये. हातब्रेक ओढून, किल्ली फिरवून, मागचा गिअर टाकून तेवढा आवाज ऐकावा. खोके लगेच सापडेल, छत्री कधी सापडेल कधी नाही, बाटली बहुधा नाहीच. घरातील जे जे ही गाडी चालवतात, त्या सर्वांना हा प्रयोग एकदा दाखवावा. ताशी 5 किलोमीटर वेगानेसुद्धा गाडी एका सेकंदात सुमारे 1.4 मीटर मागे सरकते. बझरचा पहिला इशारा बहुधा दीडएक मीटरवर येतो. ऐकून ब्रेक दाबायला एक सेकंद गेला, तर हातात बोटभर अंतर उरते. म्हणून क्लच सांभाळत, चालण्याहूनही हळू मागे यावे आणि सोसायटीत मुले असतील, तर कोणीतरी खाली उतरून मागे उभे राहावे.

पावसाळ्यात सेन्सरवर चिखल बसला की तो एकतर मुका होतो किंवा सारखा ओरडतो. ओल्या फडक्याने पुसले की पुरते. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा थेट त्या चार बटणांवर मारू नये, एवढे धुणाऱ्या मुलाला सांगून ठेवावे.