एसडब्ल्यूआर चांगला, केबल खराब

कांदिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईत लोकांनी पाहिलं. इंजिन, पंख, शेपूट, सगळ्यांचे फोटो निघाले. पण कोणत्याही घरी बांधलेल्या विमानात एक काम असतं ज्याचा फोटो कुणी काढत नाही: रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या कोॲक्सिअल केबलला दोन्ही टोकांना कनेक्टर बसवणं. वैमानिकाचं टॉवरशी बोलणं (११८ ते १३७ मेगाहर्ट्झ) या दोन जोडांतून जातं. तुमचा डेटाही बहुधा अशाच जोडातून येणार आहे.

केबल सोलण्याआधी हीट श्रिंक आणि फेरूल, म्हणजे ती छोटी धातूची नळी, केबलवर सरकवून ठेवा. हे एकदा तरी सगळेच विसरतात आणि झालेला जोड कापून टाकतात! किती सोलायचं ते कनेक्टरसोबतच्या कागदावर बघा, अंदाजाने नको. मधल्या तारेचा एकही धागा ब्लेडने दुखावू देऊ नका. विमानाच्या थरथरीत तार तिथेच तुटते. आता पिन क्रिंप करा, कनेक्टरची मागची नळी जाळीच्या आत सरकवा आणि जाळीवरून फेरूल दाबा. जाळीचा एक केस पिनला टेकला की शॉर्ट. आरजी-५८ चं पॉलिथिन सोल्डरच्या उष्णतेने वितळून मधली तार सरकते. आरजी-४०० मध्ये टेफ्लॉन आणि दुहेरी जाळी असते, म्हणून विमानात तीच बरी.

मग मल्टिमीटरने तपासायचं. पण तो फक्त तार जोडलेली आहे एवढंच सांगतो. म्हणून एसडब्ल्यूआर बघतात: ३ आला तर २५ टक्के शक्ती परत येते.

इथेच मी फसलो. शिवथरला घराच्या छपरावर अँटेना लावून १३७ मेगाहर्ट्झच्या हवामान उपग्रहांचा सिग्नल नोंदवत होतो. आषाढात तो घसरत गेला. एसडब्ल्यूआर मात्र उलट सुधारला होता, म्हणून मी आनंदाने ‘पावसामुळे सिग्नल क्षीण होतो’ असं लिहूनही टाकलं. गाईडनी एकच विचारलं, “तरंगलांबी किती?” सव्वादोन मीटर. थेंब तिला काय अडवणार?

पाणी कनेक्टरमधून जाळीत शिरलं होतं. ओली केबल जाणारी शक्ती खाते आणि परतणारीही, त्यामुळे मीटरला परावर्तन दिसतच नाही. हे पकडायचं तर लांबचं टोक मोकळं सोडा. तिथून सगळं परत यायला हवं. १० मीटर नव्या आरजी-५८ मध्ये या वारंवारितेला जाऊन-येऊन साधारण ३ ते ४ डेसिबल कमी. त्याहून बरंच कमी आलं तर केबल गेली समजा.

मी टोकाकडून सोलत गेलो. दोन हात आतपर्यंत जाळी काळी पडली होती. त्या पावसाळ्याच्या नोंदी प्रबंधात नाहीत.