हृदयपालट आणि दुरिताशी झुंज

बालाघाट आज मध्यप्रदेशात असला, तरी १९५६ पर्यंत त्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्याच वर्षी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल नागपुरात प्रसिद्ध झाला. पुढे १९६८ साली मध्यप्रदेशाने धर्मांतराविषयी कायदा केला आणि २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. साहजिकच आपल्या भागात ख्रिस्ती माणसाच्या तोंडून ‘परिवर्तन’ हा शब्द निघाला, की कोणी कोणता धर्म सोडला, हाच प्रश्न प्रथम मनात येतो. कॅथलिक श्रद्धेत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि जन्माने ख्रिस्ती असलेल्या माणसाचीही त्यातून सुटका नाही.

तो अर्थ म्हणजे हृदयपालट. स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच होतो. हृदयपालट मात्र अखेरच्या श्वासापर्यंत चालावयाचा असतो. म्हणून पापनिवेदन आहे, म्हणूनच ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ आहे. ईस्टरच्या रात्रीच्या उपासनेत, हाती पेटत्या मेणबत्त्या घेतलेल्या भाविकांना दरवर्षी विचारले जाते, की सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा तुम्ही त्याग करता काय? एकदा दिलेले उत्तर जन्मभर पुरत नाही, हे मनुष्यस्वभावाचे मर्म या प्रथेने नेमके ओळखले आहे. ख्रिस्तसभा स्वतःलाही यातून वगळत नाही. ती पवित्र असली तरी तिला नित्य शुद्धीची गरज आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितले; आणि १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिच्या लेकरांच्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली.

अंतरातील दुरिताशी झुंजणाऱ्याला बाहेरील दुरिताकडे पाठ फिरविता येत नाही. वसईत जमीन आणि पाणी गिळू पाहणाऱ्या शक्तींविरुद्ध ‘हरित वसई’ची चळवळ उभारणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) मराठी वाचकांना परिचित आहेत. आपल्या मध्यप्रदेशातील उदाहरण याहूनही कठोर आहे.

केरळात जन्मलेल्या धर्मभगिनी राणी मारिया १९९२ साली देवास जिल्ह्यातील उदयनगरला आल्या. सावकारी पाशात अडकलेल्या आदिवासींना त्यांनी संघटित केले, बचतीची सवय लावली, हक्कांची जाण दिली. ज्यांच्या मिळकतीला त्यामुळे धक्का बसला, त्यांनी मारेकरी नेमला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या राणी मारियांवर बसमध्येच समंदरसिंह नावाच्या तरुणाने सुऱ्याचे वार केले. त्यांच्या देहावर चोपन्न जखमा आढळल्या.

न्यायालयाने समंदरसिंहाला जन्मठेप दिली. तुरुंगात स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. २००२ च्या रक्षाबंधनाच्या सुमारास राणी मारियांची सख्खी बहीण, धर्मभगिनी सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि बहिणीचा जीव घेणाऱ्या त्याच हाताला तिने राखी बांधली. पुढे या कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले.

येथे कोण कोणत्या धर्मात गेले, हा प्रश्नच उरत नाही. खून हा खूनच राहिला, शिक्षाही झाली. परंतु त्या राखीपर्यंत पोहोचावयास सात वर्षे लागली, हे विसरून चालणार नाही. मारेकऱ्याला पश्चात्ताप व्हावयाचा होता, तसा बहिणीच्या मनातील रागही वितळावयाचा होता. हृदयपालट दोन्ही बाजूंना हवा होता. दुरिताशी केवळ बाहेर झुंजणारा हळूहळू त्याच्यासारखाच होऊन बसतो. केवळ आत झुंजणारा शेजाऱ्याच्या दुःखाला पारखा होतो. वाचकहो, धर्म कोणताही असो, हे दोन्ही धोके आपल्या प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत येतातच.